नेमणूकपत्र कसं लिहावं? चौदा माणसांच्या वर्कशॉपसाठी मदत हवी

भोसरीकर_यंत्रवाला
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग, बाकी लेथ, ड्रिल, ग्राइंडर. मला सोडून चौदा जण कामाला आहेत. सेटर (कामासाठी मशीन जुळवून देणारा), ऑपरेटर, हेल्पर, क्वालिटीचा एक मुलगा आणि हिशेब बघणाऱ्या ताई. आजवर सगळं तोंडी चालत आलं. पगार दहा तारखेला बँकेत जमा होतो, ईएसआय (कामगार विमा) भरतो, हजेरीचं रजिस्टर आहे. पण नेमणूकपत्र कुणाकडेच नाही.

आता ज्या कंपनीचं काम करतो तिच्या ऑडिटमध्ये प्रत्येकाचं नेमणूकपत्र मागितलंय. शिवाय नव्या श्रमसंहितांप्रमाणे (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे) ते द्यावंच लागतं, असं सीए म्हणाले. मला ते नुसतं फाइलला लावण्यापुरतं करायचं नाही. यातली काही माणसं वडिलांच्या वेळेपासून आहेत. त्यांना वाचून कळेल आणि उद्या उपयोगी पडेल, असं काहीतरी हातात द्यायचंय.

विचारायचंय ते असं. त्यात काय काय लिहावं? मराठीत चालतं का? एका सेटरला पाच अक्षांच्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवतोय, खर्च बराच आहे, तर बाँड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे, असा करार) घ्यावा का? आणि उचल (पगारापोटी आगाऊ रक्कम) दिलेली असते, ती कागदावर कशी आणायची?

अश्विनी_मनुष्यबळ
दादा, फाइलला लावण्यापुरतं करायचं नाही हे वाचून बरं वाटलं.

मसुदा सगळ्यात शेवटी करा. आधी एक वही घ्या, प्रत्येक माणसाला एक पान द्या. रुजू झाल्याची तारीख, सध्याचं काम, मूळ पगार किती, भत्ते कोणते, पाळी कुठली, ओटी (जादा तासांचं काम) कसा मोजता, सुट्ट्या किती देता, दिवाळीला काय देता, उचल किती बाकी आहे. हे त्या माणसाला समोर बसवून लिहा. पहिल्याच दिवशी लक्षात येईल की तुमच्या डोक्यात जे ठरलंय आणि त्याच्या डोक्यात जे ठरलंय त्यात फरक आहे. तो फरक मिटवल्याशिवाय टायपिंगला बसू नका. ड्रॉइंगवर माप नसताना तुम्ही जॉब लावत नाही, तसंच हे.

पगार दहा तारखेला होतो असं लिहिलंय. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. पत्रात तारीख लिहिण्याआधी ती आधी प्रत्यक्षात बदला.

इचलकरंजीचा_माग
मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. माझे माग आहेत. एकदा कागद दिला की माणूस प्रत्येक गोष्टीला कागद दाखवतो. आज विश्वासावर चाललंय ते चालू द्या. ऑडिटला काय हवं ते एक छापील पत्र करून द्या, विषय संपला.

नाना_सातारकर
इचलकरंजीच्या मित्रांना नम्रपणे विरोध. मी कामगार न्यायालयात वकिली केली, दोन्ही बाजूंनी उभा राहिलो. कागद नव्हता म्हणून मालक सुटला असं फारसं होत नाही. नातं कागदाने तयार होत नाही, कामाने होतं. हजेरी, बँकेतला पगार, ईएसआयचा नंबर, सहकाऱ्याची साक्ष यावरून कामगार कामगार ठरतोच. कागद नसला तर उलट मालकाला काहीच सिद्ध करता येत नाही. पगार किती ठरला होता, नोटीस किती होती, उचल दिली होती की नाही, सगळं तोंडी. मग समोरचा म्हणेल ते खोडायला हातात काय आहे?

आता कायद्याचं. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीबद्दलच्या २०२० च्या संहितेत कलम ६ आहे. त्यानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमताना नेमणूकपत्र द्यायचं, आणि आधीपासून असलेल्यांना ते मिळालेलं नसेल तर संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं. दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला हे लागू आहे, म्हणजे भोसरीकर, तुम्ही त्यात आलात. नमुना आणि तपशील नियमांत दिलेले असतात. सीएंकडून चालू नमुना घ्या आणि त्यातलं काही गाळू नका. जास्तीचं लिहायला हरकत नाही.

मराठीत जरूर लिहा. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या (कारखान्यातल्या सेवेच्या लेखी नियमांच्या) कायद्यातसुद्धा आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायचे, अशी तरतूद होती. ऑडिटसाठी इंग्रजी प्रत हवी असेल तर दोन्ही द्या. फक्त वाद झाल्यास कुठली प्रत ग्राह्य, ते एका ओळीत लिहा, आणि ती मराठी ठेवा.

भोसरीकर_यंत्रवाला
अश्विनीताई, नाना, खूप आभार. सात तारखेचं याच महिन्यापासून करतो.

एक शंका. आमच्या शेजारच्या गाळ्यात सगळ्यांना ऑडिटच्या आठवड्यातली तारीख घालून पत्रं दिली. रुजू होण्याची तारीखसुद्धा तीच. तसं करणं सोपं पडतं म्हणतात.

नाना_सातारकर
तसं अजिबात करू नका. हा सगळ्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दहा किंवा जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) लागू होते. नियमित कामगाराला पाच वर्षं सलग सेवेनंतर ती मिळते. मुदतीच्या करारावर असलेल्याला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतर प्रमाणात मिळते. हिशेब असा की शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. समजा तुमच्या जुन्या ऑपरेटरचा ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार १८,२०० आहे. २६ ने भागलं की दिवसाचे ७००. पंधरा दिवसांचे १०,५००. बारा वर्षं झाली असतील तर १,२६,००० रुपये. रुजू होण्याची तारीख आजची घातली की कागदावर ही रक्कम शून्य होते. माणसाने बारा वर्षं मशीनवर उभं राहून मिळवलेलं एका टायपिंगमध्ये पुसलं जातं.

आणि ते टिकतही नाही. ईएसआयची नोंदणी जुन्या तारखेची आहे, बँकेत पगाराच्या नोंदी आहेत. खोटी तारीख उघडी पडली की तुमच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

उलटही करू नका, म्हणजे पत्रावरच जुनी तारीख टाकून मागून सही घेणं. पत्राची तारीख आजची आणि मजकूर असा: "आपण दिनांक अमुकपासून आमच्याकडे सलग सेवेत आहात. सेवेच्या अटी तोंडी ठरलेल्या होत्या, त्या या पत्राने लेखी नोंदवत आहोत." एवढं वाक्य पुरेसं आहे.

गिरणगावकर
नानांच्या एकेका शब्दाला अनुमोदन. आमचे वडील लालबागला गिरणीत होते. सुरुवातीला बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी काम मिळायचं. पुढे जानेवारी १९८२ चा संप झाला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता, हे सिद्ध करायचं होतं. गिरणी कधीच बंद पडलेली, ऑफिस नाही, कारकून नाही. मग घरात शोधाशोध. आईने पत्र्याच्या पेटीत तिकीट नंबरचं कार्ड, पीएफची एक पावती आणि ईएसआयचं कार्ड जपून ठेवलं होतं. त्यावर काम झालं. आमच्याच चाळीतल्या दोन घरांकडे काहीच नव्हतं. त्यांनी जन्म गिरणीत काढला हे सगळ्या चाळीला माहीत, पण चाळीच्या साक्षीवर अर्ज पुढे सरकेना.

भोसरीकर, तुम्ही देताय त्या कागदाची किंमत तुमच्या कामगाराच्या मुलांना कळेल.

कोथरूडचा_कोडर
मी आयटीतला, आमच्याकडे उलट परिस्थिती. कागद भरपूर, वाचणारा कुणी नाही. ऑफर लेटरवर दोन दिवसांत सही करा म्हणतात आणि आपण फक्त सीटीसीचा (कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकडा बघतो. त्या आकड्यात ग्रॅच्युइटी धरलेली असते, मालकाचा पीएफ धरलेला असतो, मिळेल-न-मिळेल असा व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असतो. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत. नोटीस नव्वद दिवस.

नवीन मुलांनी एवढं तरी विचारावं: हातात किती, मूळ पगार किती, नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, नोटीसचे पैसे भरून सुटता येतं का. वेतन संहितेत भत्त्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला तर वरचा भाग वेतनातच धरतात, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम लहान दाखवण्यात आता फारसा अर्थ राहिलेला नाही.

आणखी एक. वाद झाला तर कुठल्या शहरातलं न्यायालय, हे कलम नक्की वाचा. एका बँकेच्या नोकरकरारात फक्त मुंबईची न्यायालयं असं लिहिलं होतं, तर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम मान्य केलं. नोकरी दुसऱ्या राज्यात असली तरी फेऱ्या मुंबईच्याच.

पोस्ट_कार्ड
अगदी बरोबर. माझ्या भाचीला पंचवीस पानी करार आला, आम्ही तिघांनी मिळून रात्री वाचला, तेव्हा कुठे कळलं की आठवड्याला सहा दिवस काम आहे.

अश्विनी_मनुष्यबळ
बाँडचा प्रश्न मागे पडला. नाना, लिहाल का?

नाना_सातारकर
लिहितो.

भारतीय करार कायदा १८७२, कलम २७. कुणाला कायदेशीर धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. त्यामुळे "आमच्याकडून गेल्यावर दोन वर्षं भोसरी-चाकणमध्ये कुठेही काम करणार नाही" हे लिहिलं तरी चालत नाही. १९८० च्या कृष्ण मुरगई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी टिकू दिली नाही.

नोकरी चालू असतानाच्या मुदतीबद्दल मात्र वेगळं आहे. हे प्रकरण आपल्या जवळचं आहे. कल्याणच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर, निरंजन गोलिकरी. टायरच्या धाग्याचं परदेशी तंत्र शिकवलेलं, पाच वर्षांचा करार. मध्येच जास्त पगारावर राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ठरलेल्या मुदतीपुरतं दुसरीकडे तेच काम न करण्याचं बंधन वाजवी आहे.

अलीकडे मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट न्यायालयाने मान्य केली. तिथे सार्वजनिक बँक होती, भरतीचा मोठा खर्च होता. हे बघून कुणी हेल्परकडून दोन लाखांचा बाँड लिहून घेऊ नये. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा आहे, मिळते ती वाजवी भरपाई. ट्रेनिंगला साठ हजार लागले असतील तर साठ हजारांच्या पावत्या हव्यात.

तुमच्या सेटरसाठी असं करा. वेगळा करार, प्रत्यक्ष खर्च पावत्यांसह नमूद, मुदत वाजवी, आणि रक्कम दर महिन्याला कमी होत जाणारी. दोन वर्षं ठरवली आणि वर्षाने गेला तर निम्मा खर्च परत. तुम्हीच त्याला कामावरून कमी केलं तर काहीही द्यावं लागणार नाही, हेही लिहा. नेमणूकपत्र लेटरहेडवर चालतं. हा करार स्टॅम्प पेपरवर करा. शंभराचा जमाना गेला, ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे पाचशेचा लागतो.

नाशिकची_परिचारिका
बाँडवरून लिहावंसं वाटलं. मी एका खासगी रुग्णालयात लागले तेव्हा नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली, बाँडची हमी म्हणून. पावती नाही. पुढे सरकारी भरती निघाली, कागदपत्रं पडताळणीला मूळ प्रती हव्या होत्या आणि त्या मिळेनात. विनवण्या, फेऱ्या, शेवटी घरच्यांनी येऊन भांडण केलं तेव्हा पडताळणीच्या आदल्या दिवशी मिळाल्या.

मालक मंडळींना हात जोडून विनंती, मूळ कागद घेऊ नका. बघा, झेरॉक्सवर "मूळ प्रत पाहिली" लिहून सही करा आणि लगेच परत द्या. नोकरी करणाऱ्यांनाही सांगते, कितीही गोड बोलले तरी देऊ नका.

रत्नागिरी_ते_शारजा
ताई, आखातात हेच पासपोर्टचं होतं. पासपोर्ट मालकाने ठेवणं इथे बेकायदेशीर आहे, तरी गावाकडून येणारी पोरं विश्वासाने देऊन टाकतात.

यूएईत २ फेब्रुवारी २०२२ पासून नवा कामगार कायदा आहे. प्रोबेशन (सुरुवातीचा पारखण्याचा काळ) सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. नोटीस तीस दिवसांपेक्षा कमी नाही, नव्वदपेक्षा जास्त नाही. करार मंत्रालयाकडे नोंदवतात. आपल्या लोकांची खरी फसगत मुंबईत होते. एजंट एक कागद दाखवतो, इथे उतरल्यावर दुसऱ्यावर सही. म्हणून निघण्याआधी ऑफर लेटरची प्रत घरी ठेवा, फोटो बायकोच्या आणि भावाच्या मोबाइलवर पाठवा. मूळ पगार आणि भत्ता वेगवेगळे लिहिले आहेत का बघा, कारण नोकरी सुटल्यावरचा हिशेब मूळ पगारावर होतो. आमच्या गावातला एक जण चाळीस टक्के मूळ आणि साठ टक्के भत्त्यांवर सही करून बसला. घरी परतताना हातात आलं ते बघून रडायची वेळ आली.

म्युनिकची_मृणाल
जर्मनीतलं थोडं सांगते, भोसरीकरांना कदाचित उपयोग नाही, पण इकडे येणाऱ्या नर्सिंगच्या आणि इंजिनीअर मुलांना होईल. मुदतीची नोकरी असेल तर काम सुरू होण्याआधी लेखी करारावर दोघांची सही हवी. ती झाली नाही तर नोकरी मुदतीची न राहता कायमची धरली जाते. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने आणि त्यात नोटीस दोन आठवडे. सही करण्याआधी करार घरी नेऊन वाचायला वेळ मागणं इथे अगदी नेहमीचं आहे, त्यात कुणाला गैर वाटत नाही. आपल्याकडे मुलं वेळ मागायला घाबरतात. घाबरू नका.

इचलकरंजीचा_माग
नानांचं ग्रॅच्युइटीचं उदाहरण वाचून दोन दिवस डोक्यात घोळतंय. माझ्याकडे तुकड्यावर काम चालतं, मीटरवर मजुरी. त्यांना पत्र द्यायचं तर पगार काय लिहायचा?

अश्विनी_मनुष्यबळ
दर लिहायचा. कुठल्या कापडाला मीटरला किती, मोजणी कोण करतो, डागी माल कसा ठरतो, वीज गेल्यावर बसून राहिलेल्या वेळेचं काय. आणि महिन्याची बेरीज किमान वेतनाच्या खाली जाणार नाही, हे वाक्य. दर बदलला की तारखेसह नवीन दरपत्रक, सहीसह.

भोसरीकर_यंत्रवाला
मंडळी, ताईंनी सांगितलं तशी वही केली. प्रत्येकाशी बोललो. मसुद्यातली चार कलमं टाकतोय, सडेतोड मत द्या.

"कामाचे स्वरूप: व्हीएमसी ऑपरेटर. व्यवस्थापन वेळोवेळी सांगेल ते कोणतेही काम करावे लागेल.

कामाची वेळ: सकाळी ८ ते ४.३०, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. साप्ताहिक सुट्टी रविवार.

उचल: घेतलेली उचल पगारातून वळती करण्यात येईल.

शिस्त: आज्ञा न पाळल्यास विनानोटीस कामावरून कमी करण्यात येईल."

प्रोबेशन, रजा, नोटीस हे पुढे आहे.

चिंचवड_स्टेशन
दादा, भोसरीत सुट्टी गुरुवारची ना? नेटवरचा नमुना उचललेला दिसतोय.

भोसरीकर_यंत्रवाला
हो, गुरुवारच. टायपिंगवाल्याने नमुना तसाच ठेवला. बदलतो.

अश्विनी_मनुष्यबळ
एकेक घेऊ.

"कोणतेही काम" काढा. व्हीएमसी ऑपरेटरला उद्या टाकी धुवायला लावलं आणि नाही म्हणाला म्हणून आज्ञाभंग, अशा भांडणांना हे वाक्य घर देतं. लिहा: "मशीन चालवणे, जॉब लावणे-काढणे, माप घेऊन नोंद करणे, मशीनची रोजची साफसफाई. गरजेनुसार त्याच कौशल्याच्या दुसऱ्या मशीनवर काम द्यावे लागल्यास पगार कमी होणार नाही."

वेळ बरोबर आहे, सहा दिवसांचे अट्ठेचाळीस तास होतात. त्यावरच्या तासांना दुप्पट दर लिहा. ओटी सक्तीचा नाही, विचारून ठरेल, हेही.

उचल हा तुमच्या वर्कशॉपमधला जिवाभावाचा विषय आहे, तिथे एका ओळीत भागत नाही. नेमणूकपत्रात फक्त पद्धत लिहा: "उचल अर्ज देऊन मिळेल, रक्कम आणि हप्ता अर्जावर दोघांच्या सहीने ठरेल, त्यावर व्याज नाही, हप्ता पगारपत्रकात वेगळा दाखवला जाईल." एका वेतनातून होणारी सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नये, हा कायदाच आहे. आणि आजची बाकी प्रत्येकाला दाखवून त्याची सही घ्या. उचलीची वही एकट्या मालकाकडे असते तिथे संशय कायम राहतो.

नाना_सातारकर
चौथं कलम पूर्ण काढा. "विनानोटीस कमी करण्यात येईल" लिहिल्याने तसा अधिकार मिळत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर लेखी आरोपपत्र, म्हणणं मांडायची संधी, चौकशी, मग निर्णय. काम नाही म्हणून कमी करायचं असेल, आणि माणसाची वर्षभराची सलग सेवा असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. सलग वर्ष म्हणजे २४० दिवसांचं काम.

रजेचं बघून घ्या. जुन्या कारखाना कायद्यात २४० दिवस भरल्यावर भरपगारी रजा लागू व्हायची, नव्या संहितेत १८० दिवसांवर. वीस दिवस कामाला एक दिवस.

नोकरी संपतानाचं कलम सगळे घाईत लिहितात. तुम्ही निवांत लिहा. राजीनामा दिला किंवा काढलं, दोन्ही बाबतीत हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, असं वेतन संहिता सांगते. त्यात उरलेला पगार, रजेचे पैसे, उचलीची वजावट. अनुभवाचा दाखला कधी देणार तेही लिहा. माणूस निघून जातो तेव्हाच्या वागण्यावरून मागे राहिलेले तुम्हाला ओळखतात.

कोथरूडचा_कोडर
दिवाळीचं काय लिहिलंय? बोनस कायद्याला वीस माणसं लागतात ना?

अश्विनी_मनुष्यबळ
हो, वीसच्या खाली किमान ८.३३ टक्क्यांचं बंधन नाही. भोसरीकर देतात ते स्वखुशीने. पण एकदा पत्रात "दरवर्षी एक पगार" लिहिलं की ती सेवेची अट होते. द्यायची खात्री असेल तर जरूर लिहावं, कामगाराला त्याचा मोठा आधार असतो. पीएफलाही वीसची अट आहे, पण मालक-कामगार दोघांच्या संमतीने आधीच घेता येतो. दादा, विचार करा.

भोसरीकर_यंत्रवाला
दिवाळीचा एक पगार लिहितोय. वडिलांनी सुरू केलं, मंदीतसुद्धा चुकलं नाही, मग लिहायला कशाला मागे राहायचं. पीएफचं सीएंशी बोलून ठरवतो, वहीच्या गप्पांत सात-आठ जणांनी स्वतःहून विचारलं होतं.

आणखी एक. आमचे एक हेल्पर काका वाचू शकत नाहीत.

नाना_सातारकर
त्यांच्या विश्वासातल्या माणसाकडून, तुमच्याकडून नाही, पूर्ण वाचून दाखवा. शेवटी लिहा, "वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, मला समजला." अंगठा, वाचणाऱ्याचं नाव आणि सही, तारीख. बाकी सगळ्यांच्या दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांची सही, आणि तुमच्या प्रतीवर "एक प्रत मिळाली" असं कामगाराच्या हातचं. पुढे पगार वाढला की वाढीचं पत्र त्याच फाइलला. पगार, वेळ, भत्ते यात कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर एकवीस दिवसांची आगाऊ सूचना लागते, परस्पर नवीन पत्र हातात ठेवता येत नाही.

पोस्ट_कार्ड
आयटीआयची दोन मुलं अप्रेंटिस म्हणून घेतली तर त्यांनाही हेच पत्र द्यायचं का?

नाना_सातारकर
नाही. ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतात. त्यांचा प्रशिक्षणाचा करार वेगळा असतो, तो पोर्टलवर नोंदवायचा, आणि पगाराऐवजी विद्यावेतन. मात्र अप्रेंटिस म्हणून घेऊन पूर्ण उत्पादनाला जुंपू नका. नोंदणी नसेल तर तो कामगारच धरला जाईल.

इचलकरंजीचा_माग
भोसरीकर, सुधारलेला मसुदा नावं काढून इथे टाकाल का? मीटरच्या दराचं तेवढं मी माझं घालतो.

भोसरीकर_यंत्रवाला
टाकतो. सेटरच्या ट्रेनिंगचा करारही त्याच्यासोबत जोडतो. तो मुलगा स्वतःच म्हणाला, दीड वर्षाऐवजी दोन वर्षं लिहा, पण ट्रेनिंगनंतर पगार किती होणार तेही त्यातच लिहा. आकडा आमचा काल ठरला.